कानाला टोपी, हाताला काय?

मराठी माणसाने थंडीची सगळी तयारी कानांसाठी करून ठेवली आहे. दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच ट्रंकेतून कानटोप्या निघतात, मफलर निघतात, घराला डांबराच्या गोळ्यांचा वास लागतो, आणि ‘कान बांधून घे’ ही आज्ञा पाळण्यातल्या बाळापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना सुटते. थंडी अंगात कानांतूनच शिरते यावर आमच्याकडे एकमत आहे. इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याही विषयावर झालेलं मी पाहिलेलं नाही. छातीला स्वेटर आहे. पायांना मोजे आहेत, ते नसले तर गोधडी आहे. हातांसाठी काय आहे? हातांसाठी ‘चोळ जरा’ एवढा सल्ला आहे.

हातमोजे मिळत नाहीत असं नाही. पुण्यात ते रस्त्यारस्त्यावर टांगलेले असतात, पण मे महिन्यात. दंडापर्यंत येणारे पांढरे सुती हातमोजे, तोंडाभोवती स्कार्फ, वर गॉगल, हा दुचाकीवरचा पुणेरी वेष साऱ्या देशाला ठाऊक आहे. हेतू एवढाच, की उन्हाने हात काळवंडू नयेत. म्हणजे आमच्याकडे हातमोजा हे उन्हाळी वस्त्र ठरलं. डिसेंबरात घरातल्या घरात हातमोजे घालून बसलेल्या माणसाला ‘कुठे निघालास?’ असंच विचारलं जातं.

लिहिणाऱ्याची अवस्था तर आणखी चमत्कारिक. महाराष्ट्रात चार ओळी लिहिणाऱ्याला आज ना उद्या शाल मिळतेच. बऱ्याच लेखकांच्या कपाटात शालींची चळत असते. पण शाल ही मुळात काम न करणाऱ्याची सोय आहे. ती अंगावर टिकवायची तर एक हात तिला धरायला लागतो, आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले की ती खांद्यावरून घसरते ती थेट खुर्चीच्या चाकात अडकते. सत्कारमूर्तीने यापुढे काही लिहू नये, असा संयोजकांचा छुपा हेतू असावा अशी शंका मला बरेच दिवस आहे. शालीऐवजी बोटांची टोकं उघडी ठेवणारे लोकरी हातमोजे आणि श्रीफळ देण्याची प्रथा पडली, तर मराठी साहित्याचं हिवाळी उत्पादन नक्की वाढेल.

खरं तर थंडीपेक्षा दोष घरांचा जास्त आहे. आमची घरं उन्हाळ्याच्या धास्तीने बांधलेली. समोरासमोर खिडक्या आणि पायाखाली शहाबादी फरशी. आता फरशीच्या जागी गुळगुळीत टाइल आली, खिडकीला सरकती ॲल्युमिनियमची चौकट आली, तिच्या फटीतून येणारं वारं मात्र जुनंच राहिलं. एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही व्यवस्था जानेवारीतही इमानेइतबारे चालू राहते. रात्रभर गार पडलेली भिंत दुपारपर्यंत गारच असते. सकाळी दहाला अंगणात ऊन पसरलेलं असतं, शेजारचे काका पाठ शेकत पेपर वाचत असतात, आणि आत टेबलाशी बसलेला माणूस बोटांवर फुंकर घालत असतो. बाहेर जाऊन ऊब मिळवायची आणि आत येऊन ती खर्च करायची, असा हा उलटा संसार. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता. मुंबईतसुद्धा सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झालेली आहे. एवढं होऊनही घराच्या नकाशात थंडीची दखल कोणी घेतली नाही. ‘चार दिवसांची तर थंडी’ म्हणून तिला सोडून दिलं. ते चार दिवस कार्तिकात सुरू होतात आणि माघात संपतात.

घरात गारवा किती, हे सांगायला मराठी घराला थर्मामीटर लागत नाही. खोबरेल तेलाची बाटली पुरते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजू लागतं. बाटली उलटी केली आणि काहीच पडलं नाही, की हिवाळा लागला. मग त्या बाटलीची सरबराई सुरू होते. तिला कोवळ्या उन्हात गॅलरीत उभं करतात, आंघोळीच्या कढत पाण्याच्या तांब्यात बसवतात, गॅसच्या शेगडीजवळ सरकवतात. त्याच खोलीत दहा बोटंही थिजलेली असतात, पण त्यांना कोणी गॅलरीत नेऊन ठेवत नाही.

बोटांच्याच वाट्याला हे का यावं? शरीराचा कारभार त्याला कारण आहे. थंडी जाणवली की शरीर आधी हृदय, फुप्फुसं, मेंदू या आतल्या मंडळींची सोय पाहतं. कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि सगळ्यांत मोठी कपात बोटांच्या वाट्याला येते. बोटं बारीक, त्यांचं वजन कमी आणि कातडी जास्त. तिथवर पाठवलेली ऊब हवेत जायला वेळ लागत नाही. उलट उकाडा झाला, की शरीरातली जादा उष्णता बाहेर टाकायला हेच हात कामाला लावले जातात. उन्हाळ्यात राबवून घ्यायचं आणि हिवाळ्यात रसद तोडायची, हा न्याय जुन्या संस्थानांतही चालत असेल. अर्थात शरीर अगदीच निष्ठुर नाही. लंडनच्या सर थॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवून दिलं, की बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलं तर काही मिनिटांनी आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात आणि बोट पुन्हा गरम होतं. थोड्या वेळाने त्या पुन्हा आवळतात, पुन्हा सैल होतात. माणूस पार हवालदिल झाला की मदतीचा एक हप्ता सोडायचा आणि लगेच हात आखडता घ्यायचा, ही रीत सरकारने शरीराकडूनच उचलली असणार.

यात आणखी एक मेख आहे. बोटं वाकवणारे आणि ताठ करणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि तिथून निघालेल्या लांब कंडरा बोटांना ओढतात. बोटं म्हणजे कळसूत्री बाहुल्याच. नाचताना दिसतात त्या, दोऱ्या ओढणारा वर बसलेला. म्हणून टंकताना बोटांची कितीही धावपळ झाली तरी बोटांत ऊब तयार होत नाही. बाही कोपरापर्यंत सारून ‘बोटं का गारठली’ म्हणून विचार करत बसणाऱ्याने आधी बाही खाली ओढावी. जुन्या लोकरी मोज्याचा पंजा आणि टाच कापून उरलेली नळी मनगटावरून वर चढवली, तर बोटांना फरक कळतो. हा अवतार करून दार उघडायला जाऊ नये, इतकंच पथ्य.

गारठलेल्या बोटांनी काम किती होतं, हे कोणी मोजलं नसेल असं वाटेल. पण मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे ॲलन हेज यांनी २००४ साली फ्लोरिडातल्या एका विमा कचेरीत बसून हे पाहिलं. खोली २५ अंशांवर असताना माणसं जवळजवळ सगळा वेळ टंकत होती आणि त्यांच्या चुका सुमारे दहा टक्के होत्या. तीच खोली २० अंशांवर आणल्यावर टंकण्याचा वेळ निम्म्यावर आला आणि चुका पंचवीस टक्क्यांवर गेल्या. वीस अंश! निफाडचा शेतकरी त्याला थंडी म्हणणारसुद्धा नाही. मुंबईकरांना मात्र हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण त्यांचा हिवाळा यंत्राने पाडलेला असतो आणि तो बारमाही चालतो. भर मे महिन्यात लोकलमधून घामाने निथळत आलेली बाई कचेरीत पाऊल टाकताच खुर्चीच्या पाठीवरची शाल उचलते. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे नवे घरगुती एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत, असा नियम आला. नियम चांगला आहे. पण रिमोट ज्याच्या हाती, त्याला बहुधा उकडत असतं.

थंड बोटांची ओळख यंत्रांनाही पटत नाही. बायोमेट्रिक हजेरीच्या यंत्रापुढे हिवाळ्यात रांग लांबते, ती उगाच नाही. कोरडा, भेगाळलेला अंगठा काचेवर टेकवला की यंत्र ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं. जाणते लोक मग अंगठा केसांतून फिरवतात, कपाळावर घासतात, थोडं तेल लागलं की यंत्राला दया येते. रेशन दुकानात हाच खेळ चालतो, आणि तिथे ज्यांची बोटं कामाने झिजलेली आहेत त्यांची पंचाईत जास्त. मोबाइलचं तर विचारू नका. साधा हातमोजा घालून पडद्यावर बोट ठेवलं तर त्याला स्पर्श झालेलाच कळत नाही, कारण तो पडदा दाब ओळखत नाही. कातडीतून वाहणारी सूक्ष्म वीज ओळखतो. थंडीत कामाला बसलेल्या माणसापुढे मग दोनच वाटा उरतात. हात उघडे ठेवून कुडकुडायचं, नाहीतर हात झाकून यंत्राच्या लेखी नाहीसं व्हायचं.

मग उपाय काय? पहिला उपाय अर्थातच चहा. हिवाळ्यातला चहा अर्धा तोंडाने आणि अर्धा तळव्यांनी प्यायचा असतो. जाड काचेचा ग्लास त्यासाठी उत्तम, चिनी मातीचा कपही चालतो. स्टीलचा पेला आधी चटका देतो आणि तळव्यांना ऊब मिळेपर्यंत निवून जातो. बशीत ओतून फुर्रकन पिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण हिवाळ्यात त्यांनी या कलेला रजा द्यावी. बशी चहा लवकर निववण्यासाठीच असते, आणि जानेवारीत ते काम हवा फुकट करते.

दुसरा उपाय घरातल्या गरम वस्तू शोधण्याचा. लॅपटॉपच्या चार्जरचा ठोकळा कोमट असतो, इंटरनेटचा राउटर कोमट असतो. मांजरांना हे फार पूर्वीच समजलं आहे. राउटरवर जागा हवी असेल तर त्यांच्या आधी उठावं लागतं. रबरी गरम पाण्याची पिशवी बहुतेक घरांत असते, पण तिच्यावर पहिला हक्क आजोबांच्या गुडघ्याचा. ट्रेकला जाणाऱ्या तरुणांच्या पाठपिशवीत हल्ली हात शेकायच्या छोट्या पुड्या असतात. त्यांत लोखंडाची भुकटी, मीठ आणि कोळसा असतो. पुडी फोडली की हवेने लोखंड गंजू लागतं आणि गंजताना ऊब देतं. दारातला लोखंडी झोपाळाही याच रीतीने वर्षानुवर्षं उष्णता सोडत असतो, फक्त ती आपल्याला जाणवेल इतक्या घाईने नाही.

काश्मिरी माणसाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. वेताच्या विणलेल्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, ती कांगडी फिरनच्या आत, आणि हातही बाह्यांतून काढून आत. सहलीला गेलेली मराठी मंडळी ही कांगडी मोठ्या प्रेमाने घेऊन येतात आणि शोकेसमध्ये कन्याकुमारीच्या शंखाशेजारी ठेवतात. जिचा जन्मच ऊब देण्यासाठी, ती कांगडी काचेआड गार पडून असते आणि तिच्यासमोर बसून घरमालक हात चोळतो. एका परीने ते बरंच आहे, कारण बंद खोलीत निखारे ठेवणं जिवावर बेततं. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. शेगडी आत घ्यायची असेल तर खिडकी उघडी हवी, आणि खिडकी उघडली की पुन्हा बोटं गार.

थंड हातांचं ज्यांनी उघड उघड कौतुक करून घेतलं असे गृहस्थ म्हणजे कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड. ते भर उन्हाळ्यात कोट, मफलर आणि हातमोजे घालत, आणि वाजवायला बसण्याआधी हात बराच वेळ गरम पाण्यात बुडवून ठेवत. लोकांनी त्यांना विक्षिप्त ठरवलं. पण पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवण्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. बुडवून झाल्यावर मात्र ते नीट पुसावेत, नाहीतर ओल्या हातांतून मिळवलेली ऊब व्याजासकट परत जाते. आणि हे सगळं करूनही बोटं पांढरी पडत असतील, मग निळी आणि मग लाल होत असतील, तर चहा वाढवू नये, डॉक्टरांना दाखवावं. पॅरिसच्या मोरिस रेनो यांनी १८६२ साली या दुखण्याचं वर्णन करून ठेवलेलं आहे.

सर्वांत चांगली ऊब उन्हाची, आणि तीही फुकट. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत शिरतं आणि दुपारपर्यंत टेबलावर मुक्काम करतं. पण घर घेताना आपण काय पाहतो? ‘दक्षिणमुखी नको हो,’ असं म्हणून ते घर नाकारतो, उत्तरेकडे तोंड करून बसतो आणि मग हीटर विकत आणतो. वास्तुपुरुषाला बोटं असती, तर त्याने हा नियम एखाद्या पौषात गुपचूप बदलला असता.

जुन्या घरांत ही अडचण नव्हती, कारण सकाळी बंब पेटायचा. तांब्याचा तो बंब, मधल्या नळीत बंबफोड, गोवरीचा तुकडा, नारळाच्या शेंड्या. आंघोळीचा नंबर येईपर्यंत मुलं त्याच्याभोवती हात पसरून बसायची. दुसरी उबदार जागा चुलीपुढची. आणि संक्रांत जवळ आली की तिसरी, हलव्याच्या शेगडीपुढची. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत तीळ, वरून चमच्याचमच्याने साखरेचा पाक आणि तासन् तास बोटांनी हलवत राहणं. बाहेर थंडी कडक असली की काटा सुरेख फुलतो म्हणतात. हिवाळ्यात घरात बसून करायच्या सगळ्या कामांत बोटांना चटके बसणारं हे एकमेव काम असावं, आणि ते करणाऱ्या बायकांनी थंडीची तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण त्याच घरात मोरीही असते. हिवाळ्यात घराच्या आत बसून ज्यांचे हात खरोखर गारठतात, ती माणसं टंकणारी नव्हेत. भांडी घासणारी आणि कपडे धुणारी आहेत. पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीसपट सहज उष्णता वाहून नेतं. कोरड्या गार खोलीत माझ्या बोटांना जे व्हायला अर्धा तास लागतो, ते गार पाण्याच्या बादलीत क्षणात होतं. त्यात सकाळी सातचं नळाचं पाणी. गच्चीवरच्या काळ्या टाकीने उघड्या आभाळाखाली रात्र काढलेली असते आणि तिची सगळी थंडी पाइपातून थेट मोरीत उतरते. वर रात्रीच्या पातेल्यातलं तूप थिजून घट्ट बसलेलं, म्हणजे घासायलाही जास्त वेळ. ‘ताई, पाणी लई गार हाय,’ असं बाई पहिल्या दिवशी म्हणतात. दुसऱ्या दिवशीपासून म्हणत नाहीत. आपण समजतो, त्यांना सवय झाली.

पूर्वी विहिरीवर धुणं असायचं तेव्हा हे इतकं कठीण नव्हतं. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं. म्हणून तर हिवाळ्याच्या पहाटे विहिरीतून वाफा निघताना दिसतात. निफाडचे द्राक्षबागाईतदार हे पक्कं जाणून आहेत. पारा घसरला की ते पहाटे उठून बागेला विहिरीचं पाणी देतात, बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, घडांना थंडीचा फटका बसू देत नाहीत. द्राक्षाचा मणी तडकला तर नुकसान किती, याचा हिशोब त्यांच्याकडे असतो. मोरीपाशी बसलेल्या बाईंच्या बोटांना भेगा पडल्या तर त्याचा हिशोब कुठल्याच घराच्या वहीत मांडलेला नसतो.

रबरी हातमोजे आणून देण्याचा उपाय सुचवला जातो. ते ओलेपणा थांबवतात, पातळ रबरातून थंडी मात्र येतेच, आणि साबणाची बशी त्यांतून निसटते ती वेगळीच. बाई दोन दिवस घालतात, तिसऱ्या दिवशी ते खिळ्याला टांगलेले दिसतात.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. घरात गीझर असेलच. त्याच्या गरम पाण्याचा एक नळ मोरीपर्यंत आणून घ्या. ते लगेच जमत नसेल, तर आंघोळी उरकताना एक बादली कढत पाणी वेगळं काढून ठेवा आणि बाई आल्या की त्यांच्यापुढे ती न मागता सरकवा. थोडी वीज जास्त जळेल, पण पातेली लवकर निघतील आणि तूपही सुटेल. हे या हिवाळ्यातच करा. टंकणाऱ्यांच्या बोटांसाठी चहा आहे, आणि त्यांचा मजकूर एक दिवस उशिरा आला तरी कोणाचं काही अडत नाही.